गरोदर मातेचा सांभाळ : गावाचे कर्तव्य

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची काढणी ऐन भरात आली असता एखाद्या वाडीवर जाऊन पाच महिन्यांच्या गरोदर बाईस तपासणीला चलण्याविषयी सांगून पाहावे. "आजचा रोज बुडेल, पुढल्या महिन्यात बघू," असे ती म्हणेल. सासू म्हणेल, "आमची बाळंतपणं घरीच झाली, आम्हाला कोणी तपासलं होतं?" नवरा मान खाली घालून विळ्याला धार लावीत राहील. या तिघांपैकी कोणाच्याही मनात तिचे वाईट व्हावे असे नसते. आपापल्या परीने तिघेही तिचे हितच चिंतितात. परंतु पुढला महिना येतो तेव्हा कापूस वेचणीस आलेला असतो, त्यामागून हळद शिजविण्याचे दिवस येतात, आणि एके रात्री वेणा सुरू होऊन रक्त थांबेनासे झाले म्हणजे जी गोष्ट चार महिन्यांपूर्वी रक्ताच्या एका थेंबावरून कळली असती, ती सर्वांस एकदम कळते. मात्र तेव्हा उपायास वेळ उरलेला नसतो.

आजच्या पाठाचा विषय हाच आहे. दवाखाने आहेत, परिचारिका आहेत, सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध फुकट देण्याची योजना आहे. तरी बाईच्या घराचा उंबरठा आणि गावची अंगणवाडी यांच्यामध्ये जी शे-दोनशे पावले असतात, ती तिला कोणी चालवून न्यावयाची? आमचे उत्तर असे की, ती शेजाऱ्यांनीच चालवून न्यावयाची आहेत. डॉक्टरास किंवा सरकारास एकट्याने ते साधत नाही. हे आमचे नुसते मत नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी ही गोष्ट प्रत्यक्ष सिद्ध होऊन गेली आहे. ती हकीकत सांगण्यापूर्वी, तपासणीत असते तरी काय, हे आधी समजून घेऊ.

तपासणी कशासाठी?

गर्भारपण हे दुखणे नव्हे, असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या, आणि ते खरे आहे. परंतु गर्भारपणात काही संकटे अशी असतात की ती पाऊल न वाजविता येतात. त्यांपैकी दोन मुख्य आहेत.

पहिले संकट पंडुरोगाचे, म्हणजे अंगात रक्त कमी असण्याचे. रक्तातील जो तांबडा अंश आहे त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. गरोदर बाईच्या रक्तात तो 11 ग्रॅमपेक्षा कमी भरला तर तिला पंडुरोग आहे असे समजतात, आणि 7 च्या खाली गेला तर तो भारी धोका होय. बाळंतपणात थोडेफार रक्त जातेच. धडधाकट बाई ते सोसते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला तेवढेच प्राणघातक होते. हा रोग दिसण्यात येत नाही, कारण थकवा, धाप आणि फिकट चेहरा या गोष्टी कष्टकरी बाईच्या पाचवीलाच पुजलेल्या आहेत, असे आपण धरून चालतो.

दुसरे संकट रक्ताचा दाब वाढण्याचे. दाब 140 वर 90 किंवा त्याहून अधिक झाला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. पुढे चेहरा व हात सुजतात, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि अखेरीस झटके येतात. झटके आले की घरचे लोक बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे धाव घेतात. वास्तविक ती बाधा नसून दाबाचा विकार असतो, आणि दंडाला पट्टी बांधून दोन मिनिटांत तो आधी ओळखता येतो.

यास्तव गर्भारपणात निदान चार वेळा तपासणी व्हावी असा आपल्या देशातील नियम आहे. पहिली दिवस राहिल्यापासून 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26 आठवड्यांत, तिसरी 28 ते 34 आठवड्यांत, आणि चौथी 36 आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2016 साली निदान आठ भेटी व्हाव्यात अशी शिफारस केली. प्रत्येक भेटीत वजन, रक्ताचा दाब, रक्त आणि लघवी यांची परीक्षा होते. पोटावर हात ठेवून मुलाची वाढ व स्थिती पाहतात. धनुर्वाताची लस टोचतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, आणि चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस लोहाची गोळी घ्यावयाची असते.

लोहाच्या गोळीविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे, कारण कित्येक घरांत त्या गोळ्या फडताळात तशाच पडून राहतात. ती घेतल्याने शौचास काळे होते. त्याने भिण्याचे कारण नाही. मळमळ होत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर ते चांगले लागते. गोळीने मूल फार मोठे होऊन अडते, हा समज सर्वस्वी खोटा आहे. त्याच समजापायी कित्येक सासवा सुनेस पोटभर जेवूही देत नाहीत. अशा उपासाने मूल अशक्त जन्मते, आणि आईही कळा सोसण्यास दुबळी होते.

तपासणीस न जाण्याची कारणे

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. 2011 च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 भरली, आणि तिच्यातील फार मोठा भाग खेड्यांत राहणारा आहे. कयाधूच्या काठची मोठी गावे सडकेवर आहेत. परंतु डोंगराकडच्या वाड्या आणि तांडे यांची गोष्ट निराळी. पावसाळ्यात ओढा भरला म्हणजे दोन कोसांचे चार कोस होतात.

तथापि सगळा दोष वाटेवर लादणे बरोबर होणार नाही. अंगणवाडीच्या शेजारी राहणारी बाईही कधी कधी तपासणीस जात नाही. तिच्या वाटेतील अडथळे डोळ्यांस दिसत नाहीत एवढेच. एक अडथळा मजुरीचा: दिवस मोडला तर चूल कशी पेटावी? दुसरा परवानगीचा: पैसा सासूच्या हाती, आणि निर्णय पुरुषाच्या. तिसरा लाजेचा: मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत लावून दिलेले असेल तर वय उघडकीस येईल या भयाने घरचेच तिला लपवून ठेवतात, आणि वास्तविक अशाच कोवळ्या मुलीस तपासणीची सर्वांत अधिक गरज असते. चौथा अपमानाचा: ज्या समाजाच्या माणसांना पिढ्यानपिढ्या ओसरीखाली उभे राहावे लागले, त्यातील बाईला दवाखान्यात कोणी एकदा टाकून बोलले की ती पुन्हा तिकडे फिरकत नाही. पाचवा देशांतराचा: दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाची उचल घेतलेली असल्याने गरोदर बाईसही कोयत्यामागे जावेच लागते. गावच्या वहीत तिचे नाव राहते, आणि ती स्वतः दूरच्या फडावर पाचटाच्या कोपीत असते.

हे पाचही अडथळे औषधाने दूर होणारे नव्हेत. ते माणसांनी निर्माण केलेले आहेत, आणि माणसांनीच दूर करावयाचे आहेत. ते कसे, हे आता जामखेडच्या हकीकतीवरून पाहू.

जामखेडची हकीकत

डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे सेवा केली. तेथे त्यांच्या असे ध्यानात आले की, दवाखान्यात बरे होऊन गेलेले रोगी थोड्याच दिवसांत तेच दुखणे घेऊन परत येतात, आणि त्यांतील पुष्कळ दुखणी मुळातच टाळता येण्यासारखी असतात. दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहणे पुरेसे नाही, असे त्यांचे मत झाले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आल्यावर 1970 साली त्यांनी त्याच जिल्ह्यातील (आता त्यास अहिल्यानगर म्हणतात) जामखेड या दुष्काळी तालुक्याच्या गावी काम आरंभिले. त्यांचा पहिला दवाखाना गुरांच्या एका पडीक दवाखान्याच्या इमारतीत होता.

गावकऱ्यांची पहिली मागणी औषधाची नव्हती. पाण्याची आणि अन्नाची होती. आरोळे दांपत्याने ती मागणी आधी मान्य केली. विहिरी व कूपनलिका झाल्या, मुलांसाठी स्वयंपाक सुरू झाला, शेतकऱ्यांची मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. लोकांचा विश्वास बसला तो या वाटेने.

त्यानंतर गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमून पाहिल्या. त्यात त्यांना यश आले नाही. शहराकडच्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे कठीण जाई, आणि गावच्या बायाही परक्या मुलीपाशी मनातले बोलत नसत. तेव्हा गावातीलच बाईस शिकवून तयार करावे असा विचार पुढे आला. प्रत्येक गावाने आपल्यातून एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्यांपैकी पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित समाजातील होत्या, तर काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडास येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत आणि एकाच ठिकाणी निजत. आणि आठवडाभर आपापल्या गावात घरोघर फिरत. दिवस गेलेली बाई कोणती, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. पाणवठ्यावर आणि शेतात त्या तिच्याबरोबरच असत. रक्त कमी असल्याची खूण, सूज, मुलाची आडवी स्थिती, हे ओळखण्यास त्या शिकल्या. आणि जे आपल्या हातचे नाही ते ताबडतोब जामखेडास पाठविण्यासही शिकल्या.

त्याचे फळ काय झाले, ते प्रकल्पाने ठेवलेल्या नोंदींवरून दिसते. 1971 साली त्या गावांत शंभर गरोदर बायांपैकी एकीचीही धड तपासणी होत नव्हती. 1976 पर्यंत शंभरातील सुमारे 80 जणींची होऊ लागली. त्याच काळात एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण हजारी 176 वरून 52 वर आले. या पाच वर्षांत त्या भागात मोठमोठी रुग्णालये बांधली गेली नव्हती. फरक पडला तो गावातील बाई गावातील बाईच्या दारी जाऊ लागल्यामुळे. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडची माहिती आली. 1978 साली अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. आणि 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई 1999 साली आणि रजनीकांत 2011 साली निवर्तले.

पुढे 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन गावोगाव 'आशा' नेमण्यात आल्या, त्यामागे जामखेडसारख्या ठिकाणचे अनुभव होते. म्हणजे आज कळमनुरीच्या वा सेनगावच्या वाडीवर जी आशाताई वही घेऊन फिरते, तिचे नाते जामखेडच्या त्या बायांशी आहे.

आज काय उपलब्ध आहे?

प्रत्येक गावात महिन्यातून एक दिवस अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस भरतो. त्या दिवशी उपकेंद्राची परिचारिका येऊन गरोदर स्त्रियांस तपासते व लस देते. दर महिन्याच्या 9 तारखेस, 2016 पासून चाललेल्या योजनेप्रमाणे, चौथ्या महिन्यापासून पुढील गरोदर स्त्रियांची तपासणी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून फुकट होते. 2011 पासून सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, त्यासाठी लागणारी शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि ने-आण यांचा खर्च बाईकडून घ्यावयाचा नाही असा नियम आहे. गरोदर बाईस नेण्यासाठी 102 आणि कोणत्याही जिवावरच्या प्रसंगी 108 या क्रमांकावर गाडी मागविता येते. पात्र मातेस पहिल्या मुलाच्या वेळी ₹5,000 मिळतात, आणि दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तर ₹6,000. नाव नोंदविल्यावर जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते ते कोठेही चालते. साखर कारखान्याच्या गावीही ते दाखवून तपासणी करून घेता येते. सोनोग्राफी मुलाची वाढ पाहण्यासाठी आहे. मुलगा की मुलगी हे तिच्यावरून विचारणे व सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

या सर्व प्रयत्नांचे फळ दिसत नाही असे नाही. 2018 ते 2020 या काळात सबंध देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण 33 होते. 33 हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्या घरातील आई गेली, त्या घराचे सर्वस्व गेले. आणि जे मृत्यू अजून घडतात त्यांपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगे आहेत.

आपण काय करावे?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनी, प्रचारकांनी आणि शिक्षकांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात असे आम्ही सुचवितो. यांतील एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

१. आशाताईस एकटे पडू देऊ नये. तिला विचारावे की, कोणती बाई तपासणीस आली नाही आणि का. मग त्या घराशी ज्यांचा जिव्हाळा असेल अशा एखाद्या वडीलधाऱ्या बाईने तिकडे जावे. मात्र कोणाची गुप्त गोष्ट चावडीवर चर्चिली जाऊ नये. एकदा विश्वास मोडला की तो पुन्हा जुळत नाही.

२. तपासणीच्या दिवशी गरोदर बाईबरोबर सोबतीण असावी. तिची लहान मुले त्या दिवशी शेजारणीने सांभाळावी, आणि शक्य असेल तेथे शेतमालकाने तिचा अर्धा दिवस कापू नये. आपल्यापैकी जे स्वतः शेतमालक आहेत, त्यांनी हा पायंडा आधी स्वतःच्या रानात पाडावा.

३. सासवांची एक बैठक घ्यावी. त्यांना दोष देण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या हातून किती बाळंतपणे पार पडली आणि कितींमध्ये संकट आले, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासाठी. ज्या सासूने आपली बहीण वा नणंद बाळंतपणात गमावली आहे, तिच्यासारखा दुसरा उपदेशक नाही.

४. ऊसतोडीस जाणाऱ्या टोळ्यांतील गरोदर बायांची नावे दसऱ्यापूर्वीच नोंदवावी. निघण्याआधी एक तपासणी, दोन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड बरोबर दिल्याशिवाय त्यांस निरोप देऊ नये. ज्या गावी जावयाचे तेथील आशेचा वा उपकेंद्राचा क्रमांक आपल्या आशेकडून मिळवून कार्डावर लिहून द्यावा. ज्यांना वाचता येते त्या प्रचारकांनी एवढे लेखन आनंदाने करावे.

५. प्रत्येक वाडीने रात्रीच्या प्रसंगासाठी एक गाडी आणि एक चालक आधीच ठरवून ठेवावा. आणि रक्त देण्यास तयार असलेल्या चार माणसांची नावे लिहून ठेवावी. पावसाळ्यात ज्या वाडीची वाट तुटते, तेथील नवव्या महिन्यातील बाईस आठ-पंधरा दिवस आधीच सडकेजवळच्या नातलगाकडे आणून ठेवणे शहाणपणाचे होईल.

६. हे काम केवळ आपल्या मंडळीतील कुटुंबांसाठी करू नये. मरण दारी येते तेव्हा ते जात वा धर्म विचारीत नाही. मग मदतीने का विचारावा? जामखेडास जे साधले ते सर्व गाव एकत्र बसल्यामुळेच साधले.

एक सावधगिरीची सूचनाही देणे आमचे कर्तव्य आहे. आपण डॉक्टर नाही. गावात येणाऱ्या कोणा अनधिकृत माणसाकडून कळा वाढविण्याची सुई टोचून घेणे अत्यंत घातक आहे. तसे होत असल्यास ते थांबवावे. आपले काम बाईस वेळेवर योग्य ठिकाणी पोचविण्याचे आहे.

पाठ करून ठेवण्याजोगी धोक्याची लक्षणे

अंगावरून रक्त जाणे, डोके फार ठणकून अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, झटके येणे, जोराचा ताप, कळा येण्यापूर्वीच पाणी जाणे, पोटात मुलाची हालचाल कमी होणे वा थांबणे, बसल्या जागी धाप लागणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. आपल्या वाडीत आज किती बाया गरोदर आहेत? त्यांपैकी किती जणींचे कार्ड झाले आहे?

२. गेल्या महिन्याच्या तपासणीस कोण आली नाही? वर सांगितलेल्या पाच अडथळ्यांपैकी तिच्या वाटेत कोणता होता?

३. आज रात्री एखादीस कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, आणि तिच्याबरोबर कोण जाईल?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येईपर्यंत बैठक संपवू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.